हात आवर

चि.,
अनेक आशीर्वाद.

नाण्याचा फोटो पाहिला. अर्धं हिरवं, अर्धं तांबूस, आणि खाली तुझा प्रश्न: उरलेलंही लिंबानं काढू का? अरे, हात आवर!

रागावतोय, कारण मी हेच केलंय. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठानं लखलखली की मगच स्वच्छ. तीच सवय घेऊन मी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं माझं पहिलं ब्राँझचं नाणं घासलं. नखाएवढं. मागे दोन सैनिक, मधे सैन्याची दोन निशाणं, खाली टांकसाळीची अक्षरं. दहा मिनिटांत गुळगुळीत गुलाबी चकती उरली. निशाणं दोन होती हे आठवतं, म्हणून ते 330 ते 335च्या सुमाराचं एवढं सांगता येतं. पण 'एसआयएस' होतं का, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या सिसाकचं? की 'एसएमटीएस', थेसालोनिकीचं? ते मीच पुसलं.

तो हिरवा-काळपट थर म्हणजे मळ नव्हे. धातूचाच वरचा पापुद्रा शतकानुशतकं बदलत तसा झालाय, आणि बारीक नक्षी बहुतेक वेळा त्यातच उरलेली असते. माती काढायचीय? डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेव, दोन-तीन दिवसांनी पाणी बदल, महिनोन्महिने. मग भिंगाखाली लाकडी टूथपिक. वेळ नाही म्हणू नकोस. तीस वर्षांत माझी जेमतेम दोनशे नाणी झाली म्हणून लोक मला संथ म्हणतात. म्हणोत. त्या एका चकतीनंतरचं प्रत्येक नाणं वाचता येतं.

फक्त फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर वाट पाहायची नाही. तो क्लोराइडचा, धातू खाणारा रोग. ते नाणं वेगळ्या, कोरड्या डबीत ठेव आणि मला लगेच कळव.

2010 साली इंग्लंडात फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या हौशी शोधकाला जमिनीत रांजणाचं तोंड लागलं. त्यांनी खणणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. 52,503 रोमन नाणी थराथरानं निघाली. ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या कॅरॉसियसची, म्हणजे सर्वांत उशिराची, बरीच नाणी खालच्या थरांत होती. रांजण हळूहळू नव्हे, एकदमच भरला होता, हे त्यावरून कळलं. त्यांनी भराभर उपसलं असतं तर? हात आवरला, म्हणून कळलं.

तुझ्या नाण्याची खालची कड अजून हिरवी आहे. भिंग लाव, दिसतील ती अक्षरं कागदावर जशीच्या तशी काढून पाठव. अर्धी दिसली तरी चालतील.

तुझा,
काका