यॉर्क एका दिवसात पायी पाहायचं तर सुरुवात कुठून करावी?

लंडनहून सकाळी येऊन संध्याकाळी परतायचं आहे, तर आधी मिन्स्टर (इथलं भव्य कॅथेड्रल) पाहावं की जुन्या गल्ल्या, असं तुम्ही विचारलंय. मी सांगेन, दोन्ही मागून. आधी शहराभोवतीच्या जुन्या तटावर चढा. स्टेशनाबाहेर पडलात की तट समोरच दिसतो आणि वर जायला तिकीट लागत नाही.

पूर्ण फेरी साधारण 3.4 किलोमीटरची, रमतगमत दोन तासांची. तेवढा वेळ नसेल तर बूथम बार ते मंक बार हा टप्पा तरी चुकवू नका (तिथे वेशीला ‘बार’ म्हणतात). घरांच्या परसबागांवरून मिन्स्टरची मागची बाजू इतकी सुंदर दिसते की माझा पाय तिथून निघत नाही.

मात्र त्याआधी म्युझियम गार्डन्समधला मल्टँग्युलर टॉवर बघा. रोमनांनी इ.स. 71 मध्ये इथे छावणी वसवली; हा त्या छावणीच्या कोपऱ्याचा बुरूज. अगदी जवळ जा. खाली लहान, चौकोनी घडवलेले दगड आणि त्यांतून गेलेला लाल विटांचा पट्टा, हे रोमन काम. वरचे मोठे दगड आणि बाण सोडायच्या फटी मध्ययुगातल्या. दोन्ही काळांचे गवंडी एकाच भिंतीत भेटतात!

पूर्वेला तट मध्येच संपतो. तो पडलेला नाही, तिथे बांधलाच नव्हता. अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी फॉस नदी अडवल्यामुळे तिथे मोठं तळं आणि दलदल झाली होती, तिकडून शत्रू येण्याची धास्ती नव्हती. आता तेवढं रस्त्याने चालायचं, रेड टॉवरपाशी तट पुन्हा सुरू होतो. पुढे वॉल्मगेट बार लागेल. वेशीबाहेरचा संरक्षक कोट इंग्लंडमध्ये फक्त याच नगरवेशीला शाबूत आहे, म्हणून खाली उतरून तो बाहेरून पाहा.

शॅम्बल्स ही जुनी खाटीकआळी. दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत, पण भर दुपारी गर्दीत ते दिसणार नाहीत. ती शेवटी ठेवा.

तटाला आतल्या अंगाने बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, मुलं सोबत असतील तर हात सोडू नका. अंधार पडताना वर जायची दारं बंद होतात, बर्फ असला तर दिवसाही. हिवाळ्यात जात असाल तर तट सकाळीच करून घ्या.