जाळी बसवल्यानंतर छाती सुजली तर

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीचा (वय 47) डावा स्तन कर्करोगामुळे काढला आणि त्याच वेळी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. आधाराला कृत्रिम जाळी लावली आहे. ड्रेनची नळी (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी) काढून 9 दिवस झाले. आता खालच्या बाजूला फुगलंय, लालीही आहे, ताप नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी बसेल. जाळी अंगाला मानवली नाही का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, इतरांसाठी इथे छापतो : ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच, आणि 24 तासांच्या आत दाखवा. ताप नाही म्हणून थांबू नका.

न मानवण्यापेक्षा पाणी साठल्याची शक्यता जास्त आहे. जाळी इम्प्लांटला खालून झोळीसारखी धरून ठेवते. तिच्या छिद्रांतून आपल्या पेशी वाढल्या की ती अंगात मुरते. मध्ये पाणी साठलं (याला सिरोमा म्हणतात) तर त्वचा जाळीला चिकटत नाही, आणि त्या पाण्यात जंतू वाढू शकतात. ते जाळीवर, इम्प्लांटवर बुळबुळीत थर धरतात. औषध त्या थरात नीट पोचत नाही. म्हणून गोळ्यांनी चार दिवस लाली उतरते आणि पुन्हा येते. असा वेळ गेला की जखम उघडून धुवावी लागते, कधी इम्प्लांट काढावंही लागतं.

तिथे सोनोग्राफी करून पाणी किती आहे ते बघतील आणि सोनोग्राफीत बघतच सुईने काढतील. आंधळेपणाने घातलेली सुई इम्प्लांटला भोक पाडू शकते. गावात हे करू देऊ नका. काढलेलं पाणी कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवायला सांगा, जमलं तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी.

ड्रेन किती दिवस ठेवायचा, हा खरा नाजूक प्रश्न. लवकर काढला तर पाणी साठतं, फार ठेवला तर नळीवाटे जंतू शिरतात. साधारणपणे 24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी, असं सलग दोन दिवस आलं की काढतात. घरी रोज ठरल्या वेळी मापाच्या कपात ओतून आकडा वहीत लिहावा, आणि झाकण लावण्याआधी नळीच्या टोकाचा फुगा दाबून चपटा करावा, नाहीतर तो ओढतच नाही.

टाक्यांजवळची त्वचा जांभळी किंवा काळी पडली तर तिथला रक्तपुरवठा कमी झालाय. तेही त्याच दिवशी दाखवायचं. तंबाखूने हा धोका वाढतो, आणि मिश्रीही तंबाखूच आहे. बायका ती व्यसनात धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांना सांगायची राहून जाते. ताई लावत असतील तर आज बंद करा.

रेडिएशन व्हायचं असेल तर त्या डॉक्टरांनाही हे आत्ताच कळवा. रेडिएशननंतर इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण घट्ट होण्याचा धोका वाढतो, जाळी असली तरी.

प्रश्न : जाळी कायम राहते का? एमआरआय चालतो का?

उत्तर : जाळीवर अवलंबून आहे. टायटॅनियमचा मुलामा दिलेली पॉलिप्रोपिलीनची जाळी कायम राहते, पॉलिग्लॅक्टिनची दोन-तीन महिन्यांत विरघळते. या जाळ्यांना एमआरआय चालतो. मात्र तात्पुरता एक्स्पांडर (त्वचा ताणण्यासाठी हळूहळू फुगवायची पिशवी) बसवला असेल तर त्याच्या तोंडाशी बहुधा चुंबक असतो, आधी विचारा. जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या.