वाघाचा माग खरंच काढता येतो, की सगळं नशिबावरच असतं?

तीन सफाऱ्या करूनही वाघ दिसला नाही, म्हणून तुम्ही विचारलंय की माग काढणं वगैरे खरं असतं की नुसत्या गाइडच्या गप्पा. 'नशीब' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

एका हिवाळ्यात मेळघाटात कॅमेरा ट्रॅप (समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायच्या कामाला मी स्वयंसेवक म्हणून होतो. आमच्या पथकप्रमुखांनी नकाशावर चौकटी पाडून जागा ठरवल्या होत्या. सोबत एक कोरकू वनमजूर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. एका जागी ते म्हणाले, "मामा इथून नाही चालत. खाली नाल्याच्या तोंडाशी लावा." (वाघाला तिकडे कुला मामा म्हणतात.) प्रमुखांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या मागोमाग खाली उतरलो. मऊ धुळीत मागच्या पायाचा ठसा, लांबट, म्हणजे मादी. झाडावरून टपकलेल्या दवाने आजूबाजूला बारीक बारीक खळगे पडले होते, ठशात मात्र एकही नव्हता. म्हणजे दव टपकून झाल्यावर, अगदी पहाटे ती गेली होती. पुढे नाल्यावर झुकलेलं ऐनाचं झाड होतं. काकांनी मला वाकायला लावून खोडाच्या खालच्या अंगाचा वास घ्यायला लावला. चुलीवर आंबेमोहोर शिजत असावा असा वास! वाघ हद्द सांगायला तिथे फवारा मारतो.

नकाशातल्या जागी तीन आठवडे रानगवे, सांबर आणि आमचेच पाय टिपले गेले. शेवटी उरलेली कॅमेऱ्यांची जोडी काकांच्या जागी लावली. चौथ्या रात्री वाघीण आली, दोन्ही कुशींचे स्वच्छ फोटो. (दोन्ही बाजूंचे पट्टे वेगळे असतात, म्हणून कॅमेरे समोरासमोर लागतात.) प्रमुख म्हणाले, "योगायोग." अहवालात काकांचं नाव कुठेही आलं नाही.

दव वाचता येणं हा योगायोग नाही. कॅमेरा फोटो काढतो, पण तो कुठल्या झाडाला बांधायचा हे ज्याला कळतं, त्याचं नाव अहवालात पहिलं हवं. हे मी तेव्हा बोललो नाही, त्याची आजही चुटपूट आहे.

हेही खरं की नुसत्या ठशांवरून वाघ मोजू नयेत. राजस्थानातल्या सारिस्का व्याघ्र प्रकल्पात ठशांच्या गणनेत वाघ दिसत राहिले आणि 2005 मध्ये कळलं की एकही उरलेला नाही. मोजायला कॅमेराच हवा.

तुमच्या सफारीचं म्हणाल, तर जिप्सी पळवायला लावू नका. वाघाची चाहूल लागली की चितळ, सांबर ओरडून इशारा देतात. चितळ उगाचही ओरडतं, पण सांबर ओरडत राहिलं तर इंजिन बंद करून थांबा. आणि माग शिकायचा म्हणून परवानगीशिवाय पायी उतरू नका, तो गुन्हा आहे. त्या नाल्यात मीसुद्धा काका पुढे होते म्हणूनच चाललो.