काडतूस दातांनी तुटते कसे?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘१८५७ साली शिपायांना काडतुसे दातांनी तोडावी लागत, असे शाळेत शिकलो. पण काडतूस तर पितळेचे असते. ते दातांनी तुटेल कसे?’

तुटेल, कारण ते कागदाचे होते. कागद तर शब्दातच आहे. काडतूस आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. त्याच्या मुळाशी आहे इटालियन ‘कार्तोच्चो’, म्हणजे कागदाची पुडी, आणि त्याच्याही मागे ‘कार्ता’, कागद. (या नात्याने कार्टून हे काडतुसाचे चुलत भावंड लागते!)

शिपायांना दिलेली १८५३ ची एन्फिल्ड रायफल ठासणीची होती. कागदी सुरळीचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी गजाने खाली ठासायची. वाद पेटला तो त्या कागदावरच्या चरबीवरून. मजा म्हणजे या काडतुसात ठिणगीची सोयच नव्हती. त्यासाठी तांब्याची चिमुकली टोपी वेगळी मिळे. ती नळीच्या बुडाशी बाहेरून बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटला की बार उडे. दिवाळीतल्या टिकल्या आठवा. रसायन निराळे, युक्ती तीच.

टोपीच्या आधी तोड्याची बंदूक होती. तोडा म्हणजे इथे पायातला नव्हे, धुमसती दोरी. मग गारेची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, आली. दोन्हींत बंदुकीच्या कानाशी, म्हणजे नळीच्या बुडाजवळच्या बारीक भोकाशी, रंजक, म्हणजे बारीक दारू, ठेवावी लागे. आधी ती भडके, मग बार. फोर्साइथ नावाच्या शिकारी स्कॉटिश पाद्र्याची तक्रार अशी की, तो भडका पाहूनच पाखरे उडून जातात. त्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि त्यातूनच पुढे टोपी निघाली.

टोपी काडतुसाच्या आत घालण्याचे प्रयोगही झाले. प्रशियाच्या ड्रायझेने ती कागदी काडतुसातच गोळीमागे बसवली; तिच्यापर्यंत पोचायला लांब सुई दारूतून आरपार जाई, आणि दर बाराला धग सोसून खराब होई. फ्रान्सच्या लफोशोच्या काडतुसाला आतल्या टोपीवर आपटणारा खिळाच बाजूने बाहेर आलेला असे. असली काडतुसे खिशात सुटी बाळगायला छातीच हवी.

ब्रिटिशांनी १८६६ मध्ये त्याच एन्फिल्ड मागून कापून मागून भरायच्या स्नायडर रायफली बनवल्या आणि त्यांना बुडात टोपी असलेले बॉक्सरचे धातूचे काडतूस दिले. कागद गेला, नाव राहिले. तेव्हा मंगल पांडे यांच्या हातात चकचकीत पितळी काडतूस दाखवणारे चित्र दिसलेच, तर ते निदान नऊ वर्षे पुढचे समजावे.