अंजन गवताचं बी: दुकानदाराला विचारून पेरू नका

प्रश्न (सांगोला): मुरमाड माळावर दोन एकर अंजन (चाऱ्याचं गवत) बियाण्यासाठी लावलंय, दुसरं वर्ष. तुरे भरपूर, पण पाखडल्यावर भुसाच निघतो. दुकानदार म्हणतो, तुरे आले की युरियाची गोणी टाका, टॉनिक मारा, आणि निघालेलं बी लगेच पेरून क्षेत्र वाढवा. नेपियर या चारा गवताचं बीही आणून देतो म्हणतो.

उत्तर: यातलं एकही करू नका.

अंजनाचे तुरे एका दमात निघत नाहीत. एकाच ठोंबावर एक तुरा फुलोऱ्यात, एक हिरवा, आणि एकाचं बी झडून गेलेलं. त्यात एकदाच विळा घातला की पिकलेलं मातीत, कोवळं पोत्यात. तुरे आल्यावर युरिया दिला तर नवे फुटवे येतात आणि हा घोळ वाढतो. तुरे दिसल्यावर युरिया नाही म्हणजे नाही.

माझा आग्रह एका कापणीचा आहे. जुलैत पावसानं जोर धरला की सगळं गवत चार इंच ठेवून कापा, जनावरांना घाला. मग वाफशावर (जमीन ओलसर, पण चिखल नाही तेव्हा) एकरी 25 ते 30 किलो युरिया, एकदाच. फुटवे एका वयाचे येतात, तुरेही बरेचसे बरोबर निघतात.

बी हातानं ओरबाडा. दव सुकल्यावर तुरा मुठीत धरून खालून वर ओढा. पिकलेलं हाताला येतं, कच्चं दांड्यावर राहतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. मजुरी लागते, पण बी मिळतं. शंभर झुबके (बी झाकणारे कुसळांचे गुच्छ) मोजून चिमटीत चोळा, कुसळांच्या आत टणक दाणा किती निघतो ते पाहा. विकत घेतानाही हेच करा, नाहीतर किलोच्या भावानं भुसा घ्याल.

ताजं बी पेरू नका. ते काही महिने सुप्त असतं, उगवत नाही. सावलीत वाळवून पुढच्या जूनपर्यंत ठेवा. मग एकरी दोन-अडीच किलो, ओलसर मातीत मिसळून, जेमतेम एक सेंटिमीटर खोल. खोल गेलं की संपलं.

चारा बियाण्यासाठी राष्ट्रीय पशुधन अभियानात मदत आहे. अटी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून आधी समजून घ्या.

संकरित नेपियरला उगवणारं बी धरतच नाही. तो बाजरी आणि नेपियरचा संकर, गुणसूत्रं 21, त्यांची जोडी जमत नाही. फुले जयवंत असो की दुसरा कुठला वाण, दोन डोळ्यांच्या कांड्याच लावायच्या. त्याच्या बियाची पुडी कुणी पुढे केली तर पैसे देऊ नका आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी कळवा.