एंजल फिशची पिल्लं पोहायला लागली की दोन-तीन दिवसांत मरतात. काय चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट, तीन फुटी टँक, त्यात एंजलची जोडी, थोडे टेट्रा आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा). जोडीने तीनदा अंडी घातली. दोनदा ती रात्रीत गायब झाली. तिसऱ्यांदा तुम्ही अंड्यांचं पान वेगळ्या टँकमध्ये हलवलंत, पिल्लं निघाली, पोहायला लागली आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी गेली. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक आणि चुरलेले फ्लेक्स दिले होते.

पिल्लं निघाली म्हणजे तुमच्याकडे एक नर आणि एक मादी आहे, हे ठरलं. एंजलमध्ये हे गृहीत धरता येत नाही. दोन माद्याही जोडीसारख्या राहतात, पान साफ करतात, अंडी घालतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडतात. तेव्हा जोडी बदलायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तुमचं नुकसान झालंय ते खाण्यामुळे, आणि त्या खाण्याने बिघडलेल्या पाण्यामुळे.

पिल्लांचा हिशेब असा असतो. 28 अंशाला अंडी अडीच दिवसांच्या आसपास फुटतात. त्यानंतर चार-पाच दिवस पिल्लं डोक्याजवळच्या चिकट ग्रंथींनी पानाला लटकून शेपटी वळवळत राहतात. या काळात पोटातला बलक हेच त्यांचं अन्न. तेव्हा काहीही घालायचं नाही. घातलेलं कणभरही ती खात नाहीत, ते तळाशी कुजतं. मग एक दिवस ती पानावरून सुटून आडवी पोहायला लागतात. पोटातला साठा तेव्हा संपत आलेला असतो आणि पहिलं खाणं त्याच दिवशी मिळायला हवं. नाही मिळालं तर दोन-तीन दिवसांत खेळ खलास. तुमची पिल्लं बरोबर याच टप्प्यावर गेली आहेत.

एंजलची पिल्लं हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतात. बलक हलत नाही, फ्लेक्सचा चुरा हलत नाही. त्यातला थोडा पोटात जातो, बाकीचा दहा लिटर पाण्यात अमोनिया करतो. बलकावर पिल्लं वाढवणारे लोक आहेत, पण ते दिवसातून दोनदा तळ उपसतात. नवशिक्याने त्या फंदात पडू नये. डब्यात मिळणारी, आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) कवच काढलेली सुकी अंडीही सुरुवातीला उपयोगाची नाहीत, कारण तीही मेलेली असतात आणि तळाशी बसतात. पहिले दहा दिवस जिवंत, त्याच दिवशी फुटलेला आर्टेमिया हवा. बाकी सगळं दुय्यम आहे.

आर्टेमिया फोडायला महागडं काही लागत नाही. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा, झाकण घट्ट लावून उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी, 25 ग्रॅम मीठ (मोठा चमचा सपाट भरून दीड), पाव चहाचा चमचा खायचा सोडा. सोडा विसरू नका. आपल्याकडचं नळाचं पाणी मऊ असतं आणि पीएच 8 च्या खाली गेला की फुटण्याचं प्रमाण घसरतं. आर्टेमियाची अंडी पाव ते अर्धा चहाचा चमचा पुरतात. एअर पंपाची नळी थेट झाकणाच्या टोकापर्यंत सोडा, टोकाला एअर स्टोन (बुडबुडे बारीक करणारा दगड) लावू नका, आणि हवा इतकी जोरात ठेवा की अंडी कुठेच साचणार नाहीत. वर एक दिवा जळता ठेवा. पाणी 27-28 अंश असेल तर 24 तासांत तांबूस-केशरी ढग दिसतो. डिसेंबर-जानेवारीत खोली थंड असते, तेव्हा 36 तास धरा किंवा बाटली हीटर लावलेल्या टँकमध्येच अर्धी बुडवून ठेवा.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात, जिवंत आर्टेमिया त्यांच्या थोडा वर, उजेडाच्या दिशेने गोळा होतो. झाकणापाशी टॉर्च धरा. बारीक नळीने फक्त तो केशरी थर ओढा, घट्ट विणीच्या सुती रुमालातून गाळा, गोड्या पाण्याने खळखळून धुवा आणि मग द्या. चहाच्या गाळणीतून तो निसटतो. कवचं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं तुंबतं, म्हणून घाई करू नका.

फुटल्यानंतर जितका वेळ जाईल तितका आर्टेमिया स्वतःच्या अंगातला बलक खर्च करतो. संध्याकाळचा उरलेला दुसऱ्या दिवशी देण्यात अर्थ नाही. म्हणून दोन बाटल्या बारा-बारा तासांच्या अंतराने लावा.

आणि आर्टेमियाची अंडी ताजी हवीत. दुकानात मिळणारी सुटी पुडी घेऊ नका. आपल्या पावसाळी हवेत ती ओलावा शोषते आणि चारातलं एखादंच फुटतं. लहान बंद डबा घ्या, उघडल्यावर हवाबंद बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. जोडीने पुढची अंडी घालायच्या आधी एकदा कोरडी चाचणी घ्या, म्हणजे नुसता आर्टेमिया फोडून बघा. सातव्या दिवशी सकाळी बाटली रिकामी निघाली तर करण्यासारखं काही उरत नाही.

आर्टेमियाच्या सोबतीला मायक्रोवर्म (घरी वाढवता येणारे बारीक जिवंत किडे) ठेवा. ओट्सची घट्ट लापशी थंड करून डब्यात पसरा, वर चिमूटभर यीस्ट आणि कुणाकडून आणलेलं चमचाभर विरजण. पाच-सात दिवसांत किडे डब्याच्या भिंतीवर चढतात, बोटाने पुसून घ्यायचे. उन्हाळ्यात हे कल्चर लवकर आंबतं, दर पंधरवड्याला नवं लावा. आर्टेमिया फसलाच तर याच्यावर दोन दिवस निघतात.

खाऊ दिवसातून चार वेळा, थोडा थोडा. पिल्लांची पोटं केशरी आणि फुगीर दिसली की पोहोचलं समजा. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, नंतर तोही सडतो. म्हणून शेवटच्या खाण्यानंतर तासाभराने हवेच्या बारीक नळीने तळ ओढायचा आणि रोज चाळीस ते पन्नास टक्के पाणी बदलायचं. नळीच्या टोकाला काडी बांधली की हात नेमका चालतो. ओढलेलं पाणी पांढऱ्या टबात सोडा, त्यात चुकून आलेली पिल्लं दिसतात आणि चमच्याने परत टाकता येतात.

पिल्लांचा टँक 12 बाय 8 बाय 8 इंच पुरे, त्यात साधारण दहा लिटर पाणी. वाळू नाही, झाडं नाहीत, नुसती काच. फिल्टर फक्त स्पंजचा, आणि तो आधी तीन-चार आठवडे मोठ्या टँकमध्ये चाललेला असावा. कोरा स्पंज म्हणजे नुसता फोमचा तुकडा. अमोनिया खाणारे जिवाणू त्यात वस्तीला आलेले नसतात. अंडी असताना मात्र स्पंज लावू नका. त्या पाण्यात मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) घालायचं असतं आणि ते या जिवाणूंनाही झोडपतं. एक टक्का द्रावणाचे लिटरला दोन-तीन थेंब, पाणी निळं पण आरपार दिसेल इतपत. अंड्यांच्या बाजूला एअर स्टोन, बुडबुडे अंड्यांवर आदळणार नाहीत पण पाणी हलतं राहील असा. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढा, बुरशी तिथूनच शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. पिल्लं फुटली की दोन दिवसांत निळं पाणी टप्प्याटप्प्याने बदलून टाका, आणि ती पोहायला लागतील त्या दिवशी तयार स्पंज आत सोडा. हीटर 25 किंवा 50 वॉटचा, पण त्याच्या आकड्यांवर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर लावा.

आता पाणी. नवी मुंबईत पालिकेचं पाणी मुख्यतः मोरबे धरणाचं, ठाण्यात दोन-तीन योजनांचं मिळून येतं. दोन्ही ठिकाणी ते मऊ असतं आणि एंजलला चांगलं चालतं. अडचण येते ती टँकरने. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं जातं, आणि काल 100 दाखवणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आज 500 दाखवतो. मोठे मासे हे सहन करतात. आठ दिवसांची पिल्लं एवढ्या उडीत मरतात, आणि आपण खाण्याला दोष देत बसतो. टीडीएस मीटर घ्याच. नळाचं पाणी बदलताना जुन्या-नव्यात 50 पेक्षा जास्त फरक दिसला तर आरओचं प्यायचं पाणी मिसळून जुळवा. आरओचं सांडपाणी वापरू नका, त्यात क्षार दाटून आलेले असतात.

क्लोरीन घालवायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दहा ग्रॅम खडे 100 मिली पाण्यात विरघळवून ठेवा, दहा लिटरला एक मिली. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो त्या दिवशी दोन मिली. वीस लिटरच्या जारमध्ये असं पाणी हवा सोडून चोवीस तास ठेवलं की उत्तम. जारवर कापड बांधा. बाल्कनीत उघडं पाणी ठेवलंत तर डास होतील आणि पालिकेच्या पाहणीत बोलणी खावी लागतील ती वेगळीच. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं गळलेलं तपकिरी पान धुऊन टाकलं तरी चालतं, वीस लिटरला एक. बुरशीला थोडा आळा बसतो. चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. एअर पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. सोसायटीत धूरफवारणी झाली, घरात पेस्ट कंट्रोल झालं किंवा कुणी टँकजवळ डासांचा स्प्रे मारला, की ते औषध थेट टँकमध्ये उतरतं. या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड असतात, माणसाला त्यांचा त्रास कमी, माशांना ती जीवघेणी. फवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, अर्धा तास पंप बंद ठेवा, टँकवर ओलं फडकं टाका. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा पंप हाताशी हवा. दोन-तीन तास हवा बंद राहिली तर गच्च भरलेल्या टँकमधली पिल्लं वर येऊन धापा टाकायला लागतात.

पहिल्या दोन वेळची अंडी कुणी खाल्ली, यावर फार डोकं चालवू नका. नवी जोडी सुरुवातीला तीन-चार वेळा स्वतःच खाते, पण तुमच्याकडे सकरही आहे, आणि अंधारात आई-बापांना दिसत नाही तेव्हा तो पानावरून फिरतो. जोडीला दीड फुटाचा चौकोनी टँक वेगळा द्या, पाणी भरून नव्वद लिटरच्या आसपास. त्यात दोन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा तिरका उभा करा. कडप्प्याची पट्टी नको, तो चुनखडीचाच दगड आहे, पाण्यात क्षार सोडतो. अंडी पाईपवर आली की पाईप उचलून हलवणं पानापेक्षा सोपं. आई-बापांनीच पिल्लं सांभाळावीत असं वाटत असेल तर रात्री मंद दिवा ठेवा आणि टँकसमोर वावरू नका. तरी पहिल्या वर्षी मी अंडी काढून घ्यायलाच सांगेन. काढून घेतली की चांगली खाणारी जोडी दोन आठवड्यांत पुन्हा अंडी घालते. त्यांना गटारातून येणारा ट्युबिफेक्स देऊ नका, गोठवलेला ब्लडवर्म द्या.

दोन आठवड्यांनी पिल्लं दोन फुटी टँकमध्ये हलवा. तीन-चार आठवड्यांत त्यांना एंजलचा आकार येतो, आणि इथेच लोक मोहात पडतात. तीनशे पिल्लं फ्लॅटमध्ये वाढत नाहीत. दाटी झाली की वाढ खुंटते, पंख आखूड आणि वाकडे राहतात. गालावरचं झाकण नसलेली, तळाशी घसरत चालणारी, खालचे पंख वाकडे असलेली पिल्लं लवकर वेगळी काढा. पन्नास-साठ ठेवली तरी पुष्कळ. रुपयाच्या नाण्याएवढी झाली की दोन फुटी टँकमध्ये पंचवीस-तीसपेक्षा जास्त नकोत, म्हणजे तोपर्यंत दुसरा टँक तयार हवा. उरलेली ठाण्यातल्या उपवन किंवा मासुंदा तलावात सोडायचा विचारही नको. सोडून दिलेल्या सकरांनी देशभरातल्या तळ्यांत काय करून ठेवलंय ते पुरेसं आहे.

जवळची दुकानं साधारण दोन महिन्यांची, नाण्याएवढी पिल्लं घेतात, बहुतेक वेळा रोख पैशांऐवजी खाणं किंवा सामानाच्या बदल्यात. कुर्ल्याच्या बाजारात नेण्याआधी त्यांना आठवडाभर फ्लेक्स किंवा बारीक पेलेट्सची सवय लावा. फक्त आर्टेमियावर वाढलेली पिल्लं नव्या टँकमध्ये गेली की कोरडं खाणं तोंडात धरून थुंकतात, आणि दुकानदार पुढच्या वेळी घेत नाही.