फीडबॅकच्या कागदावरची लाल रेघ

सेमिस्टर संपलं, विद्यार्थ्यांनी शिक्षकांबद्दल भरलेले फीडबॅक फॉर्म हातात पडले, की माझ्याकडे समुपदेशनासाठी प्राध्यापक मंडळी येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, इतकी वर्षं शिकवतोय आणि आता पोरं आम्हाला मार्क देणार का? परवा पुन्हा तेच ऐकलं म्हणून लिहितेय.

एक मॅडम, २२ वर्षं शिकवतायत. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला, एका ओळीखाली लाल पेनने दोनदा रेघ. 'मॅडम नुसत्या स्लाइड वाचतात.' सरासरी ५ पैकी ४.२ होती, पण त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, बाकीच्या कमेंटही वाचलेल्या नव्हत्या.

पहिली सेशन्स रागातच गेली. राग अगदीच चुकीचा नव्हता. २०१५ सालच्या एका अभ्यासात ऑनलाइन कोर्सला शिकवणारी व्यक्ती तीच, पण नाव पुरुषाचं दाखवलं तर रेटिंग जास्त आणि बाईचं दाखवलं तर कमी. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात तर रेटिंग आणि मुलांचं प्रत्यक्ष शिकणं यांचा जवळपास संबंधच सापडला नाही. हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं, पण त्या एका ओळीने उडालेली झोप काही परत आली नाही. म्हणजे दुखत होतं ते वेगळंच.

मग विचारलं, "नापास पेपरवर तुम्ही काय लिहिता?"

"उदाहरण नाही, दुसरा मुद्दा अर्धवट, असंच काहीतरी."

"तू नालायक आहेस, असं?"

"छे हो! मी उत्तर तपासते, मुलाला थोडीच तपासते."

बोलल्या आणि गप्प झाल्या. मीही गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझ्या पेपरवर मात्र मी तेच लिहून बसलेय."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची, कृतीला मार्क द्या पण अख्ख्या माणसाला देऊ नका हे मला मनापासून पटलेलं, पण ते मी न सांगता त्यांच्याच तोंडून निघालं याचं मला फार समाधान आहे.

तुमचंही असं होत असेल तर सेमिस्टर संपायची वाट बघू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यातच बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या, काय समजतंय आणि कुठे अडतंय एवढंच विचारा, आणि पुढच्या तासाला काय बदलणार, काय नाही आणि का, ते वर्गात सांगून टाका. कमेंट रात्री एकट्याने वाचू नका. फॉर्म भरणारे मोजकेच असतील तर ४.१ आणि ४.३ मधल्या फरकाला काही अर्थ नसतो. आणि प्रमोशन त्यावरच ठरणार असेल तर भीती खरी आहे, तिथे नुसतं मन शांत करून भागत नाही, सहकाऱ्याला तासाला बसवून त्याचं लेखी मत घ्या, तपासलेल्या असाइनमेंट जपून ठेवा, समितीपुढे मांडा.

शेवटच्या भेटीत मॅडमनी तोच कागद आणला होता. लाल रेघेशेजारी समासात पेन्सिलने लिहिलेलं, 'युनिट ३ खरंच वाचून दाखवलं. पुढच्या वेळी फळ्यावर गणितं.'